शक्यतो

सरांचं राजकारण मेलेल्या माशांपासून सुरू झालं, हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. दर निवडणुकीत ती गोष्ट सांगितली जाते आणि दर निवडणुकीत मासे थोडे मोठे होतात. खरं तर बोटाबोटाएवढे मासे होते ते. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, मुलांना घेऊन नदीवर जायचे आणि पाण्यात वाकून किडे दाखवायचे. एका सकाळी काठाशी सगळे मासे पोट वर करून पडलेले दिसले. दुसरा कुणी असता तर नाकाला रुमाल लावून मुलांना घरी घेऊन आला असता. सरांनी बादल्या भरून घेतल्या, भर रस्त्यातून नेल्या आणि नगरपालिकेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या टेबलावर ओतल्या. तो बिचारा तेव्हा डबा उघडून बसला होता.

तेव्हापासून ते मासेवाले सर झाले. बाजारातल्या मासेवाल्या हसायच्या, म्हणायच्या, "सर, आमच्या पोटावर का उठलात?" शाळेने त्यांना घरी बसवलं. मग बाईंच्या पगारावर घर चाललं. बाई म्हणजे सरांची बायको. त्याच शाळेत त्या भाषा शिकवायच्या आणि व्याकरणाचा त्यांचा तास मुलांना आवडायचा, हे ऐकून कुणाला खरं वाटत नाही, पण आवडायचा. क्रियाविशेषण शिकवताना त्या सांगायच्या, "हा घरी आलेला पाहुणा समजा. आला तर शोभा, गेला तर चूल काही बंद पडत नाही. वाक्यातून काढून बघा, वाक्य उभंच राहतं." मुलं काढून बघायची. वाक्य उभं राहायचं.

सर निवडणुकीला उभे राहिले तेव्हा लोकांना गंमत वाटली. निवडून आले तेव्हा पक्षालाही वाटली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. या माणसाने माशांशी दोस्ती करून पाण्यातल्या सगळ्या मगरींशी वैर धरलं होतं. सभागृहात ते मागच्या बाकावर बसायचे आणि नदीशिवाय दुसरा विषय काढायचे नाहीत. काही वर्षांनी सरकार डगमगायला लागलं, एकेका मताला भाव आला आणि सरांना विचारलं गेलं, "तुम्हाला हवंय तरी काय?" सर म्हणाले, "कायदा." आणि खरोखर त्यांना कायदा लिहायला सांगितलं गेलं.

तो त्यांनी घरी, जेवायच्या टेबलावर बसून लिहिला. बाईंनी प्रत्येक ओळ वाचून पाहिली, कारण सरांच्या वाक्यात कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसऱ्या गावी, अशी तऱ्हा असायची. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र सरांना पहिल्याच झटक्यात जमलं होतं. 'कोणत्याही कारखान्याने प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत सोडू नये.' बाई म्हणाल्या, "याला मी हातसुद्धा लावणार नाही."

हात लावायची पाळी त्यांच्याच भावामुळे आली.

भाऊ बाईंपेक्षा बराच लहान. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता, त्याला बाईंनीच वाढवलं, लग्न झाल्यावर सोबत आणलं, शिकवायचा प्रयत्न केला. शिकला नाही. पण कष्टाळू निघाला. नदीकाठी त्याने सूत रंगवायचा छोटा कारखाना टाकला होता, चार कढया आणि एक पत्र्याची शेड. बाईंच्या मुलीचा तो मामा, म्हणून मग सगळ्या गल्लीचाच मामा झाला. कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन तो यायचा आणि भाची ओरडायची, "आज मामा निळा!"

त्या दिवशी तो हिरवा होता. सकाळी सकाळी स्वयंपाकघरात आला, स्टुलावर बसला आणि बाईंनी पुढे केलेला चहा घेईना.

"ताई, दाजींचा कायदा आला की माझ्या शेडला टाळं."

"का? तू पाणी गाळून सोड की."

"गाळायला टाकी लागते. टाकी बांधायची माझी ऐपत नाही आज. दोन वर्षं दे म्हणावं. एक दे म्हणावं. माझ्याकडे कामाला असलेली माणसं कुठे जातील?" आणि तो रडायला लागला. तोंड हातांनी झाकलं, त्यामुळे गालालाही हिरवा रंग लागला. बाईंना तो पुन्हा चड्डीतला दिसला. झालं, काळीज विरघळायला एवढं पुरतं.

त्या बाहेर आल्या. सर टेबलाशी होतेच.

"अहो, ते वाक्य जरा मऊ नाही का करता येणार?"

"वाक्य म्हणजे काय उशी आहे?"

"एक शब्द घाला. 'शक्यतो'. 'शक्यतो नदीत सोडू नये.' अर्थ तोच राहतो. ज्याला जमतंय त्याला सोडता येणार नाही. ज्याची ऐपत नाही त्याला थोडा श्वास मिळेल."

सरांनी बाईंकडे बघितलं. मग वाक्याकडे बघितलं. पक्षाचे अध्यक्ष गेले काही दिवस त्यांच्यामागे लागलेच होते की याला सूट द्या, त्याला सूट द्या. त्या सगळ्या सुटींपुढे हा शब्द म्हणजे किरकोळ होता. "हा घातला तर अध्यक्षांचंही तोंड बंद होईल," ते म्हणाले आणि त्यांनी तो लिहिला. बायकोसाठी लिहिला की अध्यक्षांसाठी, हे बाईंना कधीच कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. काढलं तरी वाक्य उभं राहतं, मग घातल्याने काय बिघडणार? वाक्य उभं राहिलं तरी अर्थ बसतो, हे इतकी वर्षं व्याकरण शिकवून बाईंना सुचू नये, याला काय म्हणायचं? चंचुप्रवेश झाला, मागून मुसळ येणारच होतं.

कायदा मंजूर झाला. सरांची मिरवणूक निघाली, मासेवाल्यासुद्धा नाचल्या.

त्यानंतर सर वाढतच गेले. परिषदांना जायला लागले, विमानाने जायचे, झाडं लावायचे, विमानाने परत यायचे. गुडघाभर पाण्यात उभे असतानाचा त्यांचा फोटो सगळीकडे लागला. आता तो फोटो नव्याने काढायचा असला की गाडी करून पार वर, डोंगराजवळ जावं लागे, कारण गावच्या पाण्यात उभं राहिलं की पायांना खाज सुटायची. फोटोवाल्याने हे बाईंना हसत हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. पुढे सर पर्यावरण खात्याचे मंत्री झाले, दारात पोलीस बसायला लागला आणि लोक त्यांना साहेब म्हणू लागले.

मामाने टाकी बांधली नाही. दोन वर्षं गेली, चार गेली. मग एका मोठ्या कंपनीने त्याची शेड, जमीन, पाणी सोडायचा परवाना, सगळं घेतलं, आणि चार कढयांच्या जागी एवढा मोठा कारखाना उभा राहिला की त्याच्या दिव्यांमुळे गल्लीत अंधारच होईना. मामा कंपनीचा सल्लागार झाला, वर पक्षाचा खजिनदार झाला. त्याचे हात आता अगदी स्वच्छ असायचे, नखांसकट.

आणि बाईंची लेक गुरांची डॉक्टर झाली. लहानपणी बापाबरोबर पाण्यात वाकून किडे बघणारी पोर; तिने मुद्दाम नदीच्या खालच्या अंगाच्या गावात दवाखाना टाकला. काही वर्षांत तिच्या लक्षात आलं, गाईंच्या तोंडाला फोड येतायत, शेळ्यांचे केस झडतायत, वासरं मेलेलीच जन्माला येतायत. तिने बापाला फोन केला. बाप म्हणाला, "कायदा आहे ना, जा कोर्टात. मी काही मधे पडणार नाही, पण कायदा तुझ्या बाजूने आहे." तिला अभिमान वाटला. आपल्या बापाच्या कायद्यावर बोट ठेवून ती कोर्टात गेली, मागे सगळं गाव.

त्या दिवशी कोर्टात सरही गेले होते, बाईही. पंखे गरगरत होते, बाकं चिकट होती. लेकीने साक्ष दिली, अगदी शांतपणे. मग कंपनीचा वकील उठला. गोड माणूस होता. त्याने कायद्याचं ते वाक्य सावकाश वाचलं आणि एका शब्दापाशी थांबला.

"शक्यतो. माझ्या पक्षकाराने पाणी शुद्ध करायचा मनापासून प्रयत्न केला. दर वर्षी करतो. शक्य झालं नाही. कायदा म्हणतो शक्यतो सोडू नये. मग कायदा मोडला कुठे?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते वाक्य स्वतः वाचलं. पुढे जे झालं ते सांगायला नकोच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपटानेच हत्ती ओढून बाहेर काढला.

बाहेर व्हरांड्यात लेक बापासमोर उभी राहिली. गाववाले मागे होते.

"बाबा, हा शब्द कुणी घातला?"

सर एक क्षणही थांबले नाहीत. "मी."

"का?"

"तेव्हा गरज होती."

बाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. तोंड उघडायचं होतं, फक्त दोन शब्द बोलायचे होते, 'मी सुचवला.' पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या उभ्या राहिल्या. लेक म्हणाली, "तो शब्द निघेपर्यंत मी तुमच्या घराचं पाणी पिणार नाही." आणि ती गाववाल्यांबरोबर टेम्पोत बसून गेली.

माहेर असून नसल्यासारखं झालं. लेक आईला फोन करायची, पण आधीच्यासारखा नाही. तब्येत कशी, गुडघे कसे, ठेवते. तिची खोली बाई झाडून ठेवायच्या, चादर बदलायच्या, आणि चादर न मळताच धुवायला टाकताना स्वतःवरच चिडायच्या. सर जेवायला बसले की बाईंचं एकच पालुपद.

"तो शब्द काढा."

"काढतो. वेळ येऊ दे."

"कसली वेळ? मंत्री आहात तुम्ही."

"मंत्री आहे म्हणून तर वेळ बघावी लागते."

नवऱ्याचा राग यायचा आणि राग आला की लगेच आठवायचं, त्या दिवशी व्हरांड्यात या माणसाने सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. मग राग कुणावर काढायचा? भाजीवर, भांड्यांवर, कामाला येणाऱ्या मुलीवर. असं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाण्यात वर्षं गेली. लेकीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, असं कुणीतरी बाईंना सांगितलं. त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं.

शेवटी वेळ आली, म्हणजे निवडणूक आली. पक्षाची अब्रू गळ्यापर्यंत बुडाली होती आणि वर काढायला एकच स्वच्छ चेहरा उरला होता, तो मासेवाल्या सरांचा. सरांनी अट घातली. आणि एका दुपारी सभागृहात दुरुस्ती मांडली गेली, हात वर झाले, 'शक्यतो' हा शब्द कायद्यातून वगळण्यात आला. बाई टीव्हीसमोर उभ्याच होत्या, बसायचं सुचलं नाही. सर बोलताना थोडे थकलेले वाटले, पण आवाज तोच, जुना, बादल्या नेणाऱ्याचा. बाईंना रडू आलं. नवऱ्याबद्दल इतकं चांगलं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फोन वाजला.

"आई, पाहिलं मी. येते. जेवायलाच येते संध्याकाळी."

"ये," बाई म्हणाल्या, आणि पुढे काय बोलावं ते न सुचून म्हणाल्या, "स्वेटर घेऊन ये." थंडी तर अजिबात नव्हती.

मग काय विचारता. गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली. बाजार झाला, लेकीच्या आवडीची भाजी आली, खोलीतल्या चादरी पुन्हा एकदा बदलल्या. कामाची मुलगी म्हणाली, "बाई, आज तुम्ही उड्या मारताय." बाई म्हणाल्या, "मारीन नाहीतर काय, माझे पाय आहेत."

उन्हं कलली तेव्हा मामा आला. हातात फुलांचा हा एवढा गुच्छ. बाईंना आश्चर्यच वाटलं, कारण आज त्याने सुतकी तोंड करून यायला हवं होतं. कंपनी बंद पडायची वेळ आली होती.

"दाजींनी कमाल केली, ताई. एकाच दगडात सगळे पक्षी."

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं?"

"अरे, तुमच्या कंपनीला टाळं लागेल आता. शब्द निघाला ना."

मामा हसला. अगदी प्रेमाने हसला, लहानपणी हसायचा तसा. "तुला दाजींनी सांगितलं नाही? शब्द निघाला, पण दुरुस्ती लागू कधीपासून? सरकार जाहीर करेल त्या तारखेपासून. शेवटचं कलम तेच आहे. तोवर जुनंच वाक्य चालू."

"आणि तारीख?"

"तारीख काय, जाहीर झाली की होईल." त्याने गुच्छ टेबलावर ठेवला. "काळजी करू नकोस. पुढची पाच-दहा वर्षं तरी कुणी काही जाहीर करत नाही. बसू दे आता मला, चहा टाक."

बाईंनी चहा टाकला नाही. मामा थोडा वेळ बसला, फोनवर बोलला आणि ताईचा नूर बघून निघून गेला. स्वयंपाकघरात भाजी खाली लागल्याचा वास आला तेव्हा बाई उठल्या.

सर आले ते हार गळ्यात घेऊनच. बाईंनी त्यांना चप्पलसुद्धा काढू दिली नाही.

"तारखेचं कलम तुम्ही घातलंत?"

सरांनी हार काढला, खुंटीला लावला. "तुला कुणी सांगितलं? तो येऊन गेला वाटतं."

"मी विचारतेय, तुम्ही घातलंत?"

"ते घातलं नसतं तर शब्द निघाला नसता. सरळ हिशोब होता, एक द्या, एक घ्या."

"मग मिळालं काय? तेच पाणी, तीच नदी. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं."

"शब्द गेला ना? तिची अट काय होती? शब्द." सर खुर्चीत बसले. जवळून बघितलं तर फार म्हातारे दिसत होते. "मी आयुष्यभर या नदीसाठी भांडलो. आता माझ्यात दम नाही. मला माझी पोर घरात हवी आहे. तुला नको?"

"ती विचारेल."

"तिला ठाऊक नाही. अजून कुणालाच नाही. कळेल तेव्हा कळेल."

"आणि मी सांगितलं तर?"

सरांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी तुझं नाव घेतलं होतं का?"

बाहेर फाटकाची कडी वाजली. दारातल्या पोलिसाने कुणाला तरी सलाम ठोकला आणि ओळखीचा आवाज म्हणाला, "अहो, मी इथलीच आहे."

लेकीच्या केसांत खरंच पांढरं आलं होतं. हातांना औषधांचा वास होता. तिने आईला मिठी मारली आणि मग बापासमोर जाऊन थांबली. वाकून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. सरांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडातिकडा झाला. बाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला, लेकीने उभ्या उभ्याच पेला भरला आणि घटाघटा प्यायली.

जेवायला तिघं बसली. लेक भडाभडा बोलत होती. दवाखान्याचं, गाईंचं, मेलेल्या वासरांना पुरायला जागा उरली नाही त्याचं. "आज टीव्हीवर दाखवलं तेव्हा दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, बाबा." बाप मान हलवत होता. भाजी खाली लागली होती, पण तिने दोनदा घेतली.

मग ती म्हणाली, "आता हे लागू कधीपासून? लोक विचारतायत. कुणी कुणी जनावरं विकायला काढलीत. थांबा म्हणून सांगायचं तर नक्की काय सांगू?"

सरांनी घास तोंडात घातला आणि चावत राहिले. फार वेळ चावत राहिले. लेक त्यांच्याकडे बघत होती. तिच्या भुवया जरा जवळ यायला लागल्या, कोर्टाच्या व्हरांड्यात आल्या होत्या तशा, आणि बाईंना ते दिसलं.

"लवकरच," बाई म्हणाल्या.

लेक आईकडे वळली. "नक्की?"

"अगं हो. कागदोपत्री काय थोडं असेल तेवढंच. जेव तू, गार होतंय."

सरांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं. सभागृहात आपल्या बाकावरच्या माणसाने वेळेवर हात वर केला की तिकडे जसं बघतात, तसं पाहिलं.

लेकीच्या भुवया सैल झाल्या. ती हसली, आईच्या हातावर तिने हात ठेवला. "बाबा, रागावू नका, पण तिथे तुमच्या शब्दावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. आईला मात्र सगळे मानतात. तिच्या हाताखाली शिकलेली कितीतरी माणसं आहेत तिथे. उद्या सांगते मी सगळ्यांना, जनावरं विकू नका, बाईंनी सांगितलंय." आणि आईकडे बघून म्हणाली, "सांगू ना तुझं नाव?"

बाईंनी तिच्या ताटात भात वाढला.

"सांग," त्या म्हणाल्या.